मागची पडवी, नवं स्वयंपाकघर आणि वीज

मैत्रिणींनो, दिवाळी आटोपली की आपल्याकडे, देवगड-मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत, घराच्या कामांना हात घातला जातो. भातकापणी उरकलेली असते, आभाळ मोकळं असतं, चिऱ्यांची गाडी दारापर्यंत येऊ शकते. आणि काम बहुधा एकच निघतं, मागची पडवी बांधून काढून स्वयंपाकघर वाढवायचं. जुन्या रांदपाच्या खोलीत धुरानं काळवंडलेल्या भिंती, हातभर खिडकी आणि एक दिवा. तिथं दोघी जावा उभ्या राहिल्या तर अंगाला अंग लागतं. तारकर्ली-देवबागच्या बाजूला तर घरात पर्यटक उतरू लागले. त्यांना सकाळी आंबोळ्या आणि दुपारी माशाचं जेवण द्यायचं, म्हणजे जुन्या खोलीत भागणं शक्यच नाही.

या कामात आपलं मत विचारलं जातं ते फरशीच्या रंगाबद्दल, ओट्याच्या उंचीबद्दल, फार तर मोरी कुठल्या कोपऱ्यात हवी याबद्दल. विजेचं मात्र यजमान आणि वायरमन खळ्यात उभ्या उभ्या ठरवून मोकळे होतात. आपल्याला प्रश्न येतो तो एवढाच, "मिक्सरचा पॉइंट खंय होयो?" आता तुम्हीच सांगा, मासे कापून हात धुतले न धुतले तोच मिक्सरचं बटण दाबणार कोण? ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून फ्रीज उघडणार कोण? त्या बोर्डाशी दिवसातून पन्नास वेळा संबंध येणारीनं बोर्डात काय बसवलंय हे विचारायला नको का? म्हणून या आठवड्यात पाककृती बाजूला ठेवून विजेबद्दल लिहिते आहे. थोडे आकडे येतील, पण ते वाणसामानाच्या हिशेबापेक्षा कठीण नाहीत.

जुन्या घरातली वायर कशासाठी घातली होती ते आधी आठवा. चार दिवे, एक पंखा, रेडिओ, पुढे टीव्ही. लाकडी पट्टीवरून खिळ्या-क्लिपांनी नेलेली बारीक वायर आणि दारामागे चिनी मातीचे दोन फ्यूज. नव्या स्वयंपाकघरात काय येणार? इंडक्शनची शेगडी साधारण २००० वॅटची, म्हणजे ९ अँपिअर. पलीकडच्या न्हाणीतला गीझर तेवढाच. मायक्रोवेव्ह ६ अँपिअरच्या घरातला, मिक्सर ३ अँपिअरचा, शिवाय फ्रीज आहेच. पाहुणे असले की सकाळी आठ वाजता हे सगळं एकदमच चालू असतं. हा भार जुन्या पट्टीवरच्या वायरीवर टाकला तर वायर भिंतीच्या आत तापत राहते आणि वरचं आवरण हळूहळू कडक होऊन तडकतं. बाहेरून काहीच दिसत नाही. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात तारेचे दोन-तीन पदर पिळून घालायची सवय ज्या घरात आहे, तिथं तर आगीला आमंत्रणच.

तेव्हा पहिली गोष्ट. नव्या स्वयंपाकघराला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र जाड वायरी हव्यात. दिव्या-पंख्यांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, मोठ्या पॉइंटांना अडीचची, गीझरला चारची, आणि प्रत्येक गटाला आपापला एमसीबी खटका. जुन्या खोलीच्या पॉइंटवरून एक्स्टेन्शन बोर्ड खिडकीतून ओढून "पावसाळ्यापुरतं" काम भागवणं तर अजिबात नको. पावसाळ्यापुरतं म्हणून ओढलेली वायर तिसऱ्या गणपतीला तिथंच लोंबत असते. भार बराच वाढणार असेल तर महावितरणच्या बिलावर "मंजूर भार" छापलेला असतो तो बघा आणि वाढवून घ्या.

इथपर्यंतचं बहुतेक वायरमन सांगतातच. खरी गोष्ट पुढची आहे. ती विचारल्याशिवाय सहसा कोणी सांगत नाही.

फ्यूज किंवा एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवणं त्याच्या आवाक्यातलं काम नाही. हे आपल्या मनात नीट बसलेलं नसतं. "नवा एमसीबी घातलाय, आता शॉकची भीती नाही," असं चांगली शिकलेली माणसंही बोलतात. हिशेब करून बघा. एका अँपिअरचे हजार मिलिअँपिअर. पन्नास-शंभर मिलिअँपिअरचा प्रवाह सेकंदभर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो. ओल्या हातांचं, अनवाणी पायांचं शरीर हिशेबासाठी हजार ओमचं धरलं, तर २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर जातील. म्हणजे जीव जाण्याइतके. आणि सर्वांत लहान घरगुती एमसीबी ६ अँपिअरचा, म्हणजे ६००० मिलिअँपिअरचा! त्याच्या लेखी एखादा छोटा दिवा लागला, इतकंच. तो पडणार कशाला?

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल नावाचे प्राध्यापक होते. विजेच्या झटक्यानं माणसाला नेमकं काय होतं, हे त्यांनी स्वखुशीनं पुढं आलेल्या माणसांवर, काळजी घेऊन, मोजून पाहिलं. हातात धरलेली तार माणूस आपली आपण कुठल्या प्रवाहापर्यंत सोडू शकतो? पुरुषांची सरासरी निघाली १६ मिलिअँपिअर, बायकांची साडेदहा. त्यापुढे हाताचे स्नायू आखडतात, मूठ मिटते ती उघडत नाही. आपण "विजेनं धरून ठेवलं" म्हणतो ते हेच. त्यातही आपली मूठ पुरुषांच्या आधी मिटते, हे लक्षात घ्या. याच डॅल्झिएल यांनी १९६१ साली एक छोटं उपकरण तयार केलं. वीज भलत्या वाटेनं जाऊ लागली की ते क्षणात प्रवाह तोडतं. अमेरिकेच्या वीजनियमांत १९८७ पासून स्वयंपाकघरातल्या मोरीजवळच्या पॉइंटांना तसं संरक्षण सक्तीचं झालं.

आपल्याकडे त्याच जातीचं जे उपकरण मिळतं त्याला आरसीसीबी म्हणतात. जुने वायरमन ईएलसीबी म्हणतील. त्याचं काम समजायला अगदी सोपं आहे. लग्नघरात भांड्यांच्या खोलीच्या दारात एक चोख जाऊबाई बसवलेली असते ना? पंगतीला पन्नास ताटं गेली, पन्नास परत आली, तर ती तोंडातून शब्द काढत नाही. एकूणपन्नास आली की लगेच दार बंद! आरसीसीबी तशी. एका तारेनं किती वीज घरात गेली आणि दुसऱ्या तारेनं किती परत आली, हे ती सतत ताडून बघते. फ्रीजच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा तुमच्या अंगातून काही वीज जमिनीत पळाली, तर परत येणारी तेवढी कमी भरते. ही तूट ३० मिलिअँपिअरला पोचायच्या आतबाहेर ती खाली पडते. नियमानं तिला जास्तीत जास्त सेकंदाचे तीन दशांश लागले तर चालतात, आणि गळती मोठी असली तर ती याहून कितीतरी लवकर पडते. झटका बसतो, नाही असं नाही. पण मूठ सुटते.

"पण आमच्याकडे अर्थिंग आहे की!" असं तुम्ही म्हणाल. असू दे, हवंच. फक्त आपल्या मुलखातली जमीन कशी आहे ते बघा. सड्यावर वीतभर मातीखाली जांभा लागतो. पावसाचं पाणी त्यातून चाळणीसारखं निघून जातं आणि मार्च-एप्रिलला तो कोरडा ठणठणीत होतो. किनाऱ्याला पुळण, तीही वरून सुकी. अशा जमिनीत वीज सहजी मुरत नाही. त्यात खड्डा खणताना कातळ लागला की हातभर नळी पुरून "झालं अर्थिंग" म्हणणारेही असतात. समजा, तुमच्या अर्थिंगचा विरोध १०० ओम आहे आणि फ्रीजच्या आत एक वायर सोलवटून पत्र्याला टेकली. जमिनीत जाणारा प्रवाह झाला २३० भागिले १००, म्हणजे २.३ अँपिअर. सोळा अँपिअरचा एमसीबी यावर ढिम्म हलणार नाही. फ्रीज चालू, आतलं दूध गार, आणि दांडीला पुरता करंट! आरसीसीबीच्या हिशेबात मात्र हेच २३०० मिलिअँपिअर झाले. ती तत्काळ पडेल, कोणी दांडीला हात लावायच्या आधीच. म्हणून माझं म्हणणं, जिथं जमीन अशी आहे तिथं अर्थिंग आणि एमसीबी या दोघांच्या भरवशावर स्वयंपाकघर सोडू नये.

अर्थिंगचा खड्डा कुठं घ्यावा, याचंही उत्तर घरच्या घरी आहे. मोरीचं पाणी जिथं केळी-अळवाला सोडलेलं असतं, तिथली जमीन बारा महिने ओली असते. भिंतीपासून दीड मीटर तरी लांब, त्या बाजूला खड्डा घ्यायला सांगा. अडीच मीटरची जस्ताचा मुलामा दिलेली नळी आणि भोवती कोळसा-मीठ ही नेहमीची पद्धत. काम झालं की यंत्र लावून विरोध मोजून घ्या आणि आकडा लिहून ठेवा. एक आकडी आला तर उत्तम. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्याला त्या नळीत दोन बादल्या पाणी ओतायचं, हे काम तुळशीला पाणी घालण्याबरोबर ठरवून टाकलं की विसरत नाही. काही घरांत अर्थची तार पाण्याच्या नळाला बांधलेली असते. नळ लोखंडाचे होते तेव्हाची ती युक्ती. आता नळ प्लास्टिकचे झाले, तेव्हा ती तार नुसती शोभेची आहे.

आता विकत घेताना. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षानियमांत घरगुती जोडणीसाठी गळतीची मर्यादा ३० मिलिअँपिअरची घातलेली आहे. खोक्यावर आणि उपकरणाच्या तोंडावर "३० एमए" छापलेलं असतं, ते स्वतः वाचा. बाजारात १०० आणि ३०० ची पण मिळतात. ती आगीपासून बचावाला उपयोगी, पण माणसाच्या जिवाला त्यांचा भरवसा नाही. "वैनी, ही सारखी पडत नाय," म्हणून वायरमन शंभरची आणून देईल. ती परत पाठवा. इंडक्शन, वॉशिंग मशीन अशी इलेक्ट्रॉनिक उपकरणं असतील तर "ए" प्रकारची मागावी. ती साध्या "एसी" प्रकारापेक्षा बरी. किंमत साधारण दोन-तीन हजारांच्या आसपास पडते. ओट्याच्या ग्रॅनाइटला आपण किती मोजले ते आठवलं की ही रक्कम काही डोळ्यांत खुपत नाही. आणि आरसीसीबी आली म्हणून एमसीबी काढायचा नाही, बरं का. जादा भार ओळखणं तिचं काम नव्हे. दोन्ही कामं करणारी आरसीबीओ मिळते, ती थोडी महाग.

शक्य असेल तर सगळ्या घराला मिळून एकच घेऊ नका. स्वयंपाकघर आणि न्हाणीला वेगळी, बाकी घराला वेगळी. रात्री न्हाणीतला गीझर गळला म्हणून सगळं घर अंधारात गेलं, आणि पावसात मागीलदारी चाचपडत जावं लागलं, तर त्या वेळी पायाखाली काय असेल सांगता येत नाही. फ्रीजला स्वतंत्र आरसीबीओ दिली तर फारच छान. तुम्ही मुंबईला असताना दुसऱ्याच कुठल्या गळतीपायी फ्रीज बंद पडून सुरमईचं मातेरं व्हायला नको.

वाढवलेल्या स्वयंपाकघरात एक चूक हमखास होते. वायरमन नवी फेज तार मुख्य बोर्डावरून आणतो, पण परतीची काळी तार, म्हणजे न्यूट्रल, जवळ सापडली म्हणून जुन्या खोलीतल्या तारेला जोडून टाकतो. दिवा लागतो, मिक्सर फिरतो, कोणाला काही कळत नाही. पण आपल्या जाऊबाईंचा हिशेब चुकतो. ताटं एका दारानं गेली आणि दुसऱ्याच दारानं परत आली, तर त्या दार बंद करणारच. आरसीसीबी पहिल्या दिवसापासून पडायला लागते. इन्व्हर्टरची तार अशीच कुठंतरी घुसडली तरी हेच होतं. मग उपाय काय निघतो? "वैनी, ह्यां सारखां पडतां. डायरेक करून टाकतंय, मगे कटकट नाय." डायरेक, म्हणजे पहारेकऱ्याला उठवून दार सताड उघडं! त्याला तिथल्या तिथं सांगायचं, "नको रे बाबा, डायरेक नको. खंय गळतां तां आधी बघ." यजमान वैतागले तरी हे एक लावून धरा.

जुलै-ऑगस्टात ती पडू लागली तर दोष शोधायला तुम्हीही मदत करू शकता. हात कोरडे, पायांत रबरी चपला. फ्रीजसकट सगळ्या उपकरणांच्या पिना काढा. नुसतं बटण बंद करून चालत नाही. सगळे एमसीबी खाली करा, मग आरसीसीबी वर करा. राहिली, तर एकेक एमसीबी वर करत जा, मग एकेक पिन घाला. ज्याच्या वेळी ती पडेल तो गुन्हेगार. बहुतेकदा जुन्या गीझरची कॉइल सापडते, नाहीतर वाटपाचं पाणी आत गेलेला मिक्सर, विहिरीवरचा पंप, किंवा तुळशीपुढचा पावसात भिजलेला दिवा. सगळे खटके खाली असूनही ती वर राहत नसेल, तर कुठंतरी न्यूट्रल तार अर्थला टेकलेली असण्याचा संभव फार. तिथं आपण थांबायचं आणि वायरमनला बोलवायचं.

बोर्डाची जागा ठरवताना झड आठवा. पाऊस आपल्याकडे नैऋत्येकडून मारतो आणि चिऱ्याची भिंत पाणी पिते. त्या बाजूच्या बाहेरच्या भिंतीत बोर्ड नको, आतल्या भिंतीत घ्या. मोरीच्या वर किंवा अगदी शेजारी पॉइंट नको. ओट्याखाली जिथं सिलिंडर असतो तिथं तर नकोच नको. गळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो खालीच साठतो आणि त्याला बटणाची एक ठिणगी पुरते. खाऱ्या वाऱ्यानं तांब्याच्या तारेच्या टोकांवर हिरवट थर चढतो, स्क्रू ढिले होतात आणि तिथं वीज तापते. पॉइंटभोवती तपकिरी डाग किंवा जळका वास आला की समजावं. मे महिन्यात आगोटीच्या खरेदीच्या सुमारास वायरमनकडून सगळे स्क्रू एकदा आवळून घ्यावेत. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा कौलं उडालेल्या घरांत बोर्ड निथळत होते. अशा वेळी बाहेरची वीज परत आली म्हणून आपला मेन लगेच वर करू नये. बोर्ड उघडून, सुकवून, दाखवून मगच करावा.

गणपतीत जास्त जपा. चाकरमानी आलेले, घरात पंधरा माणसं, मिक्सरला उसंत नाही. त्यातच माटवीवर सोडलेल्या दिव्यांच्या माळांना जागा हवी म्हणून कोणीतरी भाचा स्वयंपाकघरातल्या पॉइंटात तीन पिना कोंबतो. तिसरी जाड पिन बसत नाही म्हणून ती मोडून टाकणारेही महाभाग आहेत. ती पिन अर्थची असते. माळा वेगळ्या पॉइंटवर घ्या, त्यांचे जोड ओल्या फुला-पानांपासून लांब ठेवा, आणि रात्री निजताना माळा बंद.

आरसीसीबीवर "टी" अक्षराचं एक बारीकसं बटण असतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते दाबा. ती खटकन पडली पाहिजे. पडली नाही तर ती निकामी झाली समजा आणि बदला. खारट हवेत हे विसरू नये. पाठोपाठ घरातल्या सगळ्यांना, सासूबाईंना आणि शाळेतल्या मुलांनासुद्धा, मेन कुठं आहे आणि कसा खाली करायचा ते दाखवा. कोणाला वीज धरून बसली तर त्या माणसाला हात लावायचा नाही. आधी मेन खाली. ते जमत नसेल तर कोरड्या पाटावर उभं राहून कोरड्या लाकडी काठीनं त्याला तारेपासून दूर ढकलायचं. १०८ ला फोन करायचा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरानं, भरभर दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. उठून बसला तरी त्याला डॉक्टरांकडे नेऊन हृदय तपासून घ्यायचं.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या, आणि पैसे चुकते करण्यापूर्वी त्याच्याकडून सहीशिक्क्याचा चाचणी अहवाल मागून घ्या. कोणत्या खटक्यावर कुठला पॉइंट आहे, हे मराठीत लिहून बोर्डाच्या दाराच्या आत चिकटवायला लावा. अर्थिंगचा मोजलेला आकडा आणि तारीखही त्याच कागदावर. अहवालाची प्रत वीजबिलांच्या फाइलीत ठेवा. पुढे कधी नवा पंप किंवा एसी बसवायची वेळ आली, तर वायरमनच्या हातात चहाच्या कपाबरोबर आधी तोच कागद द्यायचा.